नऊ जणींची एकच चूक

बंगळूर
रविवार, १९ नोव्हेंबर २००६

हर्षाले,

पत्र फाडायचंच असेल तर आडवं फाड. खालच्या अर्ध्या भागात कामाची गोष्ट आहे, तेवढी ठेव. वरच्या अर्ध्यात नुसता मी आहे.

हे माझं पाचवं पत्र. आधीच्या चारांना उत्तर नाही, पण ती परतही आली नाहीत. म्हणजे शहापूरच्या वसतिगृहात कोणीतरी ती घेतंय. ते कोणीतरी तू असशील असं मी धरून चाललोय. गृहपाल बाई वाचत असतील तर त्यांना नमस्कार.

तुझा राग मला मान्य आहे. तीन वर्षांपूर्वीच्या आवणीला सात घरची माणसं आधी आपल्या खाचरात उतरली, आपला भात लावून गेली. आपण त्यांच्याकडे जायचं त्या सकाळी मी खर्डीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या बोअरवेलच्या गाडीवर चढलो. माझ्या वाटचे सातही दिवस तू भरलेस. तुझी बारावी सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, ते तू चिखलात काढलेस आणि फर्स्ट क्लास हुकला. मी का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. गाडी दिसली, ती निघायच्या बेतात होती. सातवीतून आश्रमशाळेची भिंत ओलांडली तेव्हाही असंच झालं होतं. भिंत दिसली, आणि ती काही फार उंच नव्हती.

आता मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे हे घरी कळवलंच आहे. इथे साठ माणसं बसतात आणि माझं काम सगळ्या टेबलांशी येतं. सकाळी मी फिरल्याशिवाय कोणाचं डोकं चालू होत नाही.

इथून खालचा अर्धा भाग.

आमच्या कंपनीने कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक वेबसाइट काढली आहे. नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते मागे उतरवून काढलंय. कॉलेज मुलांना एकेक नंबर देतं. तो टाकून आत गेलं की बायोडाटा बनवता येतो, मुलाखतीत काय विचारतात त्याचा सराव करता येतो, आणि शेवटी एक परीक्षा असते. तिच्यात साठच्या वर मार्क पडले की नाव यादीत चढतं. यादी मोठ्या कंपन्यांकडे जाते, आणि त्या ठाणे-कल्याणला मुलाखतीला बोलावतात. ओळख लागत नाही, कोणाच्या काकाची चिठ्ठी लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या पोरांसाठी मी असलं काही पहिल्यांदाच बघतोय.

मंगळवारी पडद्यावर कॉलेजांची नावं चालली होती. त्यात शहापूर आलं आणि माझ्या हातातलं सगळं हिंदकळलं. कॉलेजात विचार. नंबर घे.

जगन


बंगळूर
रविवार, १० डिसेंबर २००६

हर्षाले,

नंबर घेतलास ना? उत्तर देऊ नको हवं तर, पण नंबर घे.

बायोडाटा एका पानाचा कर. इथले लोक एका बायोडाटाला चार घोट वेळ देतात, मी मोजलंय. पाचव्या घोटाला दुसरा उघडतात. म्हणून जे सांगायचं ते वरच्या चार ओळींत. उंची, रंग, वडिलांची जमीन किती, यातलं काही लिहायचं नाही. डोक्यावर श्री लिहिलास तर कोणी रागावणार नाही, पण एक ओळ वाया जाईल.

ईमेल बनवताना डोकं ठिकाणावर ठेवा. मुरबाडकडच्या कोणा सावळीचा ईमेल परवा प्रसन्ना सरांनी मोठ्याने वाचला. ‘स्वीट सावळी वन फोर थ्री’. सगळा हॉल हसला. सर म्हणाले, "ये लड़की बँक में जाएगी या पिच्चर में?" ती तुमच्या वसतिगृहातली असली तर तिला म्हणावं नाव आणि आडनाव, बस. एक-चार-तीन ज्याला कळवायचं त्याला वेगळं कळव.

हे प्रसन्ना सर म्हणजे परीक्षेचे राखणदार. माणूस वाईट नाही. साखर कमी, आवाज जास्त.

आता आतली गोष्ट. परीक्षेत सगळ्यांना प्रश्न तेच येतात. प्रत्येकाला वेगळे प्रश्न घालायचं काम अजून चालू आहे, दोन महिने लागतील असं एका टेबलावर बोलत होते. मग एकटी जाऊन बसू नको. मैत्रिणी मिळून जा. पहिली बाहेर येईल ती दुसरीला सांगेल. आपला माणूस आत असल्याचा एवढा तरी फायदा नको का?

गणितात तू कच्चीच असशील अजून. कोण चांगली असेल तर तिला धरून राहा.

जगन


बंगळूर
१४ जानेवारी २००७

हर्षाले, तिळगूळ पाकिटात घालणार होतो, पण तुझ्याआधी मुंग्या वाचतील म्हणून नाही घातला. गोड मानून घे, बोलायचं तेव्हा बोल.

एकतीस जानेवारी शेवटची तारीख आहे. परीक्षा दिलीस का? इथे देशभरातून पोरं देतायत, रोज आकडा वाढतोय. शहापूरचा आकडा अजून शून्य आहे. तुमच्याकडे लाइट नाही हे मला ठाऊक आहे. जेव्हा येईल तेव्हा बसा, पण बसा.

जगन


बंगळूर
शुक्रवार, ९ फेब्रुवारी २००७

हर्षाले,

रविवारपर्यंत दम नाही म्हणून आजच लिहितो.

काय करून बसलात गो तुमी?

दुपारी चारला प्रसन्ना सर खुर्चीतून उठून उभे राहिले. ते फक्त क्रिकेटच्या वेळी उभे राहतात. अनुपमा मॅडमना हाक मारली. त्या सगळ्या हॉलच्या मोठ्या साहेब. सर म्हणाले, "मॅडम, देखिए. एक कॉलेज, एक मशीन, नौ लड़कियाँ. पावणे दोन तासांत नऊ परीक्षा. नऊही जणींना एकाहत्तर." मी त्यांचं बोलणं अर्धं मराठीत लिहितोय, पण ते तेवढ्याच रागात होतं.

मी मागेच उभा होतो. पडद्यावर नावं होती. आपल्या पाड्यावरच्या पारू आणि भिमी. ती सावळी, आता सभ्य ईमेलसकट. आणि चौथं नाव तुझं, बाच्या नावासकट.

नुसते मार्क सारखे असते तर चाललं असतं. चुकापण सारख्या! पाच माणसं एक काम दहा दिवसांत करतात तर दहा माणसं किती दिवसांत करतील? नऊही जणींनी लिहिलं चार. सर म्हणाले, "पाँच लिखते तो ठीक था, बीस लिखते तो भी समझता. चार कहाँ से आया?" कोणालाच कळेना. खरं सांगू? मला विचारलं असतं तर मी पण चारच म्हटलं असतं.

‘तुम्हाला एकट्याने काम करायला आवडतं का?’ या प्रश्नाला नऊ वेळा ‘नाही’.

सर म्हणतायत की ही नक्कल आहे. नऊ नावं उडवायची, आणि कॉलेजचं नाव पुढच्या वर्षीपासून बंद. मॅडमनी अजून सही केलेली नाही. एक मार्चला यादी कंपन्यांकडे जाते. सही झाली तर तुमी गेलात, आणि तुमच्या मागून येणाऱ्या पोरीही गेल्या.

माझं डिसेंबरचं पत्र फाडून टाक. बारीक फाड. प्रश्न तेच येतात हे कुठून कळलं असं विचारलं तर सांग, अंदाजाने. मला यात काही करता येण्यासारखं नाही. माझं खातं वेगळं आहे.

जगन


बंगळूर
रविवार, २५ फेब्रुवारी २००७

हर्षाले,

तुझं कार्ड आलं! साडेतीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. पहिल्यांदा नुसतं अक्षरच बघितलं, वाचलं नंतर. ‘तू सांगितलंस म्हणून केलं. आता तूच निस्तर. पारू दोन दिवस जेवली नाय.’ तीन वाक्यं, त्यात दोन फटके. मी ते कार्ड खोलीतल्या पोरांना दाखवलं. म्हटलं, बहिणीचं पत्र. ते म्हणाले, काय लिहिलंय? मी म्हटलं, खुशाल आहे.

आता खरं लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी कॉम्प्युटरवर बसत नाही. मी त्या साठ माणसांना चहा-कॉफी देतो. सकाळी अकरा, दुपारी चार, आणि मधे कोणी पाहुणे आले तर. बोअरवेलच्या गाडीवर सहा-सात महिने भोकं पाडली, मग एका बेकरीत होतो, आणि आता इथे. अडीच वर्षं झाली, एवढा मी कुठेच टिकलेलो नाही. घरी ‘कॉम्प्युटरची कंपनी’ लिहिलं ते खोटं नव्हतं. मी तिथे काय करतो ते तेवढं लिहिलं नव्हतं.

तुझं कार्ड गुरुवारी आलं. शुक्रवारी अकराला मीटिंग होती, विषय शहापूर. मी ट्रे घेऊन आत गेलो. चार कप ठेवले. पाचवा ठेवला आणि तिथेच उभा राहिलो.

"छोटू, हो गया, जाओ," प्रसन्ना सर म्हणाले. मला इथे छोटू म्हणतात. मी त्यांच्याहून वीतभर उंच आहे.

मी म्हटलं, "सर, वो चोरी नहीं है."

"क्या चोरी नहीं है?"

"शहापूरवाली लड़कियाँ. उन्होंने काम बाँट लिया."

सर म्हणाले, "तू चाय बाँट." कोणीतरी हसलं. पण अनुपमा मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बोलने दो."

मग मी सांगितलं गो. हिंदी माझी ट्रकवाल्यांची, पण सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे दिवसाचे किती तास लाइट असते ते तुमच्या मशीनला ठाऊक नाही. सकाळी दहाला येते, बाराला जाते. कॉलेजात इंटरनेट एका कॉम्प्युटरवर. परीक्षा एक तासाची, पोरी नऊ. एकेकीने बसायचं तर नऊ तास आणि पाच दिवस लागतील, आणि तारीख दुसऱ्या दिवशी संपते. आता आमच्या गावात एका घराला चार दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं असलं तर काय करतात? सावड करतात. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. ज्याचा हात ज्याला चांगला बसतो ते तो करतो. कोणी रोपांची मूठ सोडवतो, कोणी लावतो. याला आमच्याकडे चोरी म्हणत नाहीत. जो येत नाही त्याला चोर म्हणतात.

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मीच जरा थांबलो.

सर म्हणाले, "पण परीक्षा माणसाची असते. गावाची नसते." त्यांचंही खरं होतं. मी म्हटलं, हो सर, ते चुकलंच. पण मग एकेकीला वेगळं बसवून विचारा. नापास झाल्या तर झाल्या. न विचारता उडवू नका.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "एक बात बताओ. सवाल सबको एक ही आते हैं, ये उनको कैसे मालूम?"

हर्षाले, मी ट्रेकडे बघितलं. ट्रे दिसत होता, दारही उघडं होतं. भिंतही नव्हती मधे.

मी म्हटलं, "मैंने लिखा था. एक उनमें मेरी बहन है."

प्रसन्ना सरांनी एक घोट घेतला, कप ठेवला, आणि कानडीत जे बोलले ते मला अडीच वर्षांत सगळं समजायला लागलंय, पण तुला लिहीत नाही.

निकाल असा. सही झाली नाही. तुमची नऊ नावं बाजूला काढली आहेत. पाच ते नऊ मार्च, लाइटच्या वेळात रोज दोघी, नवीन प्रश्न, एकेकीने बसायचं, मागे तुमचे एक सर उभे. शहापूरची यादी पंधरापर्यंत थांबवली आहे. मला काढायचं ठरलं होतं, मग नाही ठरलं. आता मला हॉलच्या आत जायची बंदी आहे. चहा दाराशी ठेवायचा. त्यामुळे सगळे उठून दाराशी येतात आणि तिथेच उभं राहून बोलतात. पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतं. पण या वेळी मी तुला एक अक्षर सांगणार नाही. मागू पण नको.

पारूला म्हणावं जेव.

तुझा जगनदादा


बंगळूर
रविवार, १८ मार्च २००७

हर्षाले,

चार पानं! चार पानं लिहिलीस! शेवटच्या पानाच्या तळाला ‘तुझ्या सातातला एक दिवस फिटला, सहा राहिले’ असं लिहिलं आहेस ते वाचून मी जिन्यावर बसलो आणि एकटाच हसलो. राहिलेले सहा डोक्यात आहेत. जुलैची रजा मागितली आहे. देतील न देतील, मी येणार.

त्या ‘चार दिवसांचं’ कोडं तू सोडवलंस ते बरं झालं. मला तर दिसतोच तो कॉम्प्युटर आणि तुमी नऊ जणी त्याला चिकटलेल्या. गणिताला पारू बसलेली, तिने बरोबर पाचवर बोट नेलेलं, आणि मागून भिमी ओरडते, "अगो पाच कशे? दहा जणी आवणीला असल्या तर पाच दिस लागतात काय कधी? गाण्याच्या नादात चारातच उरकतं!" आणि पारू म्हणते, "गणितात गाणी नसतात गो!" आणि आठ जणी म्हणतात, "असतात!" आणि वेळ जातोय म्हणून बिचारी चार दाबते. मी हे जसंच्या तसं दाराशी सांगितलं. प्रसन्ना सर हसले नाहीत, पण त्यांनी कप अर्धा असताना परत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या प्रश्नातली माणसं जाऊन तिथे पाण्याचे पंप आले. पंप गात नाहीत.

आता मार्क. तुमाला कळायला अजून चार दिवस आहेत. पण आता परीक्षा झालीय, हे सांगायला कोणाची बंदी नाही.

तुला त्रेसष्ट.

खाली बस, मग पुढचं वाच. नऊतल्या सहा जणी साठच्या वर आहेत. सावळीला सदुसष्ट, सगळ्यांत जास्त. भिमी एकसष्ट. पारूचं मात्र वाईट वाटलं. गणितात पैकीच्या पैकी, इंग्रजीत आपटली, एकूण सत्तावन्न. तिचा इंग्रजीचा भाग मागच्या वेळी तू केला होतास ना? तूच तिला सांग, मी नाही सांगणार. पण हेही सांग की गणितात पैकीच्या पैकी संपूर्ण यादीत अकराच जणांना आहेत. अनुपमा मॅडमनी तिचं नाव कागदावर वेगळं लिहून घेतलंय, ते कशासाठी ते मला ठाऊक नाही. दारापर्यंत नाही आलं.

आता मुलाखतीचं. मे महिन्यात कल्याणला होतील. वेबसाइटवर सरावाची उत्तरं तू लिहिली आहेस ती मॅडमनी वाचली. म्हणाल्या, "लड़की अच्छी है, पर ये खुद कहाँ है?" तू सगळीकडे आमी लिहिलंस. आमी वसतिगृहाचं पाणी आणलं, आमी अर्ज दिला, आमी उपोषणाला बसलो. अगो, अर्ज कोणी लिहिला? तू. तहसीलदारांच्या समोर कोण बोललं? तू. मग तसं लिही की.

मला माहीत आहे लाज वाटते. आपल्या पाड्यावर ‘मी केलं’ म्हणणाऱ्याच्या मागे पोरं लागतात. पण तिथे टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला तू एकटी हवी असते, पाडा नको असतो. सराव कर. पारूसमोर उभी राहा आणि म्हण, अर्ज मी लिहिला. ती हसेल. हसू दे. पुन्हा म्हण. ती हसायची थांबेल तेव्हा तुझी तयारी झाली.

आधी बी.कॉम.चा पेपर दे मात्र. पदवीच नसली तर यादी काय चाटायची?

जगनदादा


बंगळूर
रविवार, ३ जून २००७

हर्षाले,

पोस्टमनने पाकीट दिलं ते मी आधी चाचपलं. जाड होतं. वाईट बातमी पातळ असते.

नोकरी लागली!

ठाण्याची कंपनी, हॉस्पिटलची बिलं तपासायची, अकरा जूनला हजर. सहातल्या चौघी लागल्या. सावळी आणि तू मिळून आसनगावला खोली घेताय. हे सगळं मी मोठ्याने वाचलं, दाराशीच, चारच्या चहाला. अनुपमा मॅडम तिथे होत्या. त्यांनी तुझं नाव दोनदा म्हणून बघितलं. प्रसन्ना सरांनी विचारलं, "और वो गाना गानेवाली?" भिमीचं झालं नाही हे सांगितलं तर त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पुढच्या महिन्यात दुसरी यादी आहे, तिला एकसष्ट मार्क आहेत, नाव अजून चालू आहे, हे तिला नक्की सांग म्हणाले. आपल्या तोंडाने म्हणाले.

पारूचं वाचून मी पोट धरून हसलो. "करा गो तुमी नोकऱ्या, तुमचे इन्कमटॅक्स मीच भरून देणार हाय." ही पोरगी उपाशी मरत नाही. मॅडमनी तिचं नाव वेगळं का लिहिलं होतं ते परवा कळलं. गणिताचे प्रश्न तपासून द्यायला त्यांना माणसं लागतात, घरी बसून, इंटरनेटवरून. तिला कागद येईल. इंग्रजीला घाबरू नको म्हणावं, प्रश्नात आकडेच असतात.

मुलाखतीचं तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. अर्ज मी लिहिला, असं म्हणालीस. सरळ. मग त्यांनी घरचं विचारलं. भाऊ काय करतो? तू लिहितेस की तुला एक क्षण कॉम्प्युटरची कंपनी म्हणावंसं वाटलं. मला राग नसता आला, ती माझीच शिकवण होती. पण तू म्हणालीस, "भाऊ बंगळूरला एका ऑफिसात चहा देतो. या वेबसाइटचं मला त्याने कळवलं." आणि त्यातला एक साहेब म्हणाला, "मग मुलाखतीचं पण त्यालाच विचारून आलीस काय?" आणि तू म्हणालीस, "हो. पत्र लिहून."

हर्षाले, त्या दिवशी मी दोन टेबलांना बिनसाखरेचा चहा दिला. कोणी काही बोललं नाही.

घरी पण सांगून टाकलंस ते चांगलं केलंस. बा काय म्हणेल याची मला साडेतीन वर्षं धास्ती होती. आणि बा म्हणाला काय, "म्हंजे आता भोकं नाय पाडत ना? बरं. चा चांगला करतो काय?" त्यावर तू, "मला काय ठाव? कोणी पिलाय?" आणि आय म्हणाली, "येऊ दे त्याला, आपण पिऊन बघू." एवढंच. एवढ्यासाठी मी घरच्या पंचवीस पत्रांत शब्द मोजून लिहीत होतो.

आता तू शेवटी जे विचारलं आहेस त्याला उत्तर देतो. वेबसाइटवर मुलाखतीचे दोनशे प्रश्न आहेत, कपडे कोणते घालायचे ते आहे, हात कसा मिळवायचा ते चित्र काढून दाखवलंय. हे मात्र कुठे नाही, आणि तू विचारायला बरोबर माणूस धरलास. ऑफिसात कोणी चहा आणून दिला तर आपण उठून उभं राहायचं का?

उभी राहू नको. तू उठलीस की त्याला मागे सरावं लागतं आणि बशीत सांडतं. कप हातातून घेऊ नको, त्याला तो ठेवायची सवय असते. फक्त त्याला येताना बघ आणि कागद जरा बाजूला सरकव, म्हणजे ठेवायला जागा होते. नको असेल तर आधी सांग, केल्यावर नको.

आणि पहिल्याच दिवशी त्याला त्याचं नाव विचार. सगळे त्याला काहीतरी दुसरंच म्हणत असतील. मला इथे अडीच वर्षांत एकदाच विचारलं, फेब्रुवारीतल्या त्या मीटिंगमध्ये. सगळं बोलून झालं होतं, मी ट्रे उचलून निघालो होतो, आणि मॅडम म्हणाल्या, "रुको. तुम्हारा नाम क्या है?" मी नाव सांगितलं, तर त्यांनी ते त्याच कागदावर लिहून घेतलं, तुमच्या नऊ जणींच्या खाली, दहावं.

तुझा,
जगन